लॉकवाला ब्रिज आणि सत्तर ग्रॅम

माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचे तराजू तपासावेत आणि घरच्या जेवणाच्या टेबलावर एक गिटार समतोल करताना त्याच्या तोंडचं पाणी पळावं, ह्याला काय म्हणतात ते मला माहीत नाही. माझी बायको ह्याला 'बरं झालं' म्हणते.

मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. मी बाजारात शिरलो की दुकानदार एकदम प्रेमळ होतात, त्यावरून मला माझा हुद्दा कळतो. आमच्या कामातली पहिली परीक्षा अगदी सोपी असते. रिकाम्या तराजूचा काटा शून्यावर हवा. मग वजन ठेवायचं, उचलायचं, आणि काटा परत शून्यावर आला की नाही ते बघायचं. नाही आला तर समोरचा माणूस कितीही घरातला असो, तराजू नापास. एकतीस वर्षांत मी ह्या बाबतीत कुणाची गय केलेली नाही. सख्ख्या मेहुण्याचा काटा मी भर दुकानात गिऱ्हाइकांसमोर नापास केला होता, आणि तेव्हापासून तो आमच्याकडे पाणीसुद्धा पीत नाही.

दोन वर्षांपूर्वी मी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार घेतली. का घेतली ते विचारू नका. बायकोने विचारलं होतं, तेव्हाही मला सांगता आलं नव्हतं. रोज संध्याकाळी कानाला हेडफोन लावून मी अर्धा तास वाजवायचो. घरच्यांना त्यामुळे फक्त तारांची खरखर ऐकू यायची आणि माझा चेहरा दिसायचा. चेहरा बघून बायको विचारायची, "अहो, कुठे दुखतंय का?"

आमची मुलगी ड्रम वाजवते. तिचा तीन जणांचा वाद्यवृंद आहे आणि तो वाजायला लागला की आमच्या इमारतीत कुणीही कुणाशी भांडू शकत नाही, कारण ऐकूच येत नाही. गेली दोन वर्षं तिचं-माझं बोलणं 'चार्जर कुठंय' आणि 'उशीर होईल' ह्या दोन वाक्यांवर येऊन ठेपलं होतं. त्यात तिला दुसऱ्या गावी नोकरी लागली. जायला दोन महिने होते. जायच्या आठवडाभर आधीच्या शनिवारी वसाहतीच्या सभागृहात वार्षिक कार्यक्रम होता, आणि नेमकी त्याच वेळी तिच्या गिटारवाल्याची परीक्षा आली. एका संध्याकाळी ती माझ्या दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, एकच गाणं आहे. चार मिनिटांचं. वाजवशील?"

मला काय वाटलं ते सरळ सांगतो. मला उडी मारावीशी वाटली. प्रत्यक्षात मी म्हणालो, "बघतो. त्या शनिवारी दौरा नाही ना, ते बघायला लागेल."

गाणं सोपं होतं. गोम शेवटी होती. गिटारच्या ब्रिजला, म्हणजे खालच्या बाजूला तारा जिथे अडकवलेल्या असतात त्या धातूच्या पट्टीला, एक दांडी असते. दांडी दाबली की तारा सैल होतात आणि स्वर खाली घसरतो. सोडली की मागच्या स्प्रिंगा त्याला परत वर ओढतात. ह्या गाण्याच्या शेवटी एक स्वर लावायचा, दांडी दाबून त्याला पार तळाला न्यायचं, आणि हळूहळू परत होता तिथे आणायचं. तो पोचला की मुलगी शेवटचा ठोका देणार आणि गाणं संपणार.

मी स्वर लावला, खाली नेला, परत आणला. मुलीने सूर दाखवणारं छोटं यंत्र गिटारच्या डोक्याला चिमट्यासारखं लावलं होतं, त्याच्या काट्याकडे बघून ती म्हणाली, "बाबा, खाली जातोस ते मस्त. पण परत येत नाहीस. बारा सेंट खाली राहिलास." सेंट म्हणजे दोन लगतच्या स्वरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग.

"मर्यादा किती आहे?" मी विचारलं. आमच्याकडे प्रत्येक चुकीला एक मान्य मर्यादा असते.

"शून्य," ती म्हणाली. "नापास."

एकतीस वर्षं हा शब्द मी दुसऱ्यांना ऐकवत आलो होतो. ऐकायला कसा लागतो ते त्या दिवशी कळलं. मला त्या क्षणी मेहुण्याची आठवण झाली आणि त्याला फोन करावासा वाटला. केला नाही, कारण एका दिवशी माणसाने सोसायचं तरी किती.

दुसऱ्या दिवशी वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, दांडीचा दोष नाही, तारा वरच्या खुंट्यांपाशी सरकतात. ह्यावर उपाय म्हणजे लॉकवाला ब्रिज. त्यात तारा ब्रिजमध्ये चिमटीत पकडून स्क्रूने आवळतात. त्यातही दोन प्रकार, एकीकडून आवळणारा आणि दोन्हीकडून, म्हणजे वर खुंट्यांपाशीही, आवळणारा. मी दोन्हीकडून आवळणारा निवडला. सरकारी माणसाचं एका कुलपावर कधी समाधान होत नाही. मग त्याने विचारलं, ब्रिज ज्यांवर टेकतो त्या दोन खांबांमधलं अंतर किती, मानेची रुंदी किती, खालचा ठोकळा पितळी हवा की जस्ताचा. मी खिशातून कॅलिपर काढून बरोबर नेलेल्या गिटारची मापं मिलिमीटरच्या दशांशापर्यंत सांगितली. तेवढ्यावर राहवेना, म्हणून दुकानदाराच्या गल्ल्यामागचा पार्सलं तोलायचा काटाही मी तपासून टाकला. तो बरोबर होता.

त्याने दाखवलेल्या ब्रिजच्या चित्रात एक गोष्ट बघून मी तर खुर्चीत सरसावून बसलो. हा ब्रिज दोन खांबांवर नुसत्या सुरीसारख्या धारेवर टेकलेला असतो. पुढून तारा ओढतात, मागून स्प्रिंगा ओढतात, आणि तो मधल्या मधे तरंगतो. म्हणजे तराजूच की. जुन्या दांडीच्या तराजूची धार अशीच असते. मी घरी येऊन बायकोला म्हणालो, "अगं, हे तर माझ्या हातचं काम आहे."

"मागे नळ दुरुस्त करतानाही हेच म्हणाला होतात," ती म्हणाली.

बातमी इमारतीत पसरायला एक जिना पुरतो. आमच्या वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. त्यांचं प्रत्येक वाक्य 'माझ्या मते' असं सुरू होतं, म्हणून सगळी इमारत त्यांना माझ्यामतेकाका म्हणते. त्यांनी आयुष्यात गिटारला हात लावलेला नव्हता, त्यामुळे त्यांच्या मताला कसलाही अडसर नव्हता. "माझ्या मते," ते म्हणाले, "तुम्ही हे करू नका. तरंगणाऱ्या वस्तूचा भरवसा नसतो. एक तार तुटली की स्प्रिंगांचा जोर जास्त होणार, ब्रिज मागे कलंडणार आणि उरलेल्या पाचही तारा बेसूर होणार. एक गेला की सगळे गेले." दुर्दैवाने हे त्यांचं आयुष्यातलं पहिलं बरोबर मत होतं. खालच्या मजल्यावरचा दंतवैद्य म्हणाला, "काही लागलं तर सांगा, माझ्याकडे बारीक ड्रिल आहे." ते ऐकून गिटारच्या आधी माझीच दाढ ठणकली.

ब्रिज परदेशातून यायचा होता. आलाही, पण पार्सल कचेरीत अडकला. खिडकीवरच्या कारकुनाने कागद माझ्याकडे वळवला. त्यावर मालाचं वर्णन होतं: दांडी एक, स्प्रिंगा तीन, धारेवर तोललेली पट्टी एक.

"हा तराजूचा भाग दिसतोय," तो म्हणाला. "वजनमापेवाल्यांचा दाखला लागेल."

"मीच वजनमापेवाला आहे."

"मग तर तुम्हाला माहीतच असेल." त्याने ड्रॉवरमधून एक परिपत्रक काढलं. धारेवर तोलला जाणारा कोणताही सुटा भाग बाहेरून आल्यास तो तोलण्याचे साधन नाही असा दाखला आवश्यक, आणि ज्याचा माल त्याने स्वतः दाखला देऊ नये. भाषा अतिशय नेमकी होती, पळवाट म्हणून कुठे नव्हती. ते परिपत्रक आठ वर्षांपूर्वी मीच लिहिलं होतं. त्या वेळी त्यातल्या स्वल्पविरामांबद्दल मला शाबासकीही मिळाली होती.

आता दाखला देऊ शकेल असा माणूस एकच, आमचे साहेब. साहेब कमी बोलतात आणि चष्मा जास्त पुसतात. त्यांच्यापुढे ब्रिजचं चित्र ठेवून मी सांगितलं की ही वस्तू घरगुती वापरासाठी आहे. त्यांनी चष्मा पुसला. "घरगुती म्हणजे?" गिटारसाठी. चष्मा पुन्हा पुसला. "कोण वाजवतं?" मी. त्यानंतर चष्म्यात पुसण्यासारखं काही उरलं नव्हतं तरी ते बराच वेळ पुसत राहिले. मग त्यांनी दाखल्यावर लिहिलं, 'सदर उपकरण कोणतीही वस्तू तोलण्यास पूर्णपणे असमर्थ आहे', खाली मोहर उठवली आणि विचारलं, "कार्यक्रम कधी आहे?" सांगावं लागलं. दुपारपर्यंत सगळी कचेरी माझ्याकडे बघताना हवेत गिटार वाजवत होती, शिपायासकट.

ब्रिज हातात आला तेव्हा कार्यक्रमाला नऊ दिवस उरले होते. आता गिटारच्या लाकडात ब्रिजच्या मागच्या भागाखाली खाच पाडायची होती, म्हणजे त्याला मागे झुकायला जागा मिळेल. आमचा नेहमीचा सुतार चांगला कारागीर आहे, पण तो सुतात मोजतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि इंच म्हणजे आमच्या खात्यात शिवी. गेली पंधरा वर्षं मी त्याला समजावतोय की कायद्याने मिलिमीटर आहेत. तो दर वेळी "बरोबर आहे साहेब" म्हणतो आणि सूत लावतो. ह्या वेळी मी सावध होतो. खाचेची आकृती स्वतः काढली, लांबी लिहिली, रुंदी लिहिली, दोन्हींपुढे 'मिमी' लिहिलं, आणि कागद त्याच्या हातात देऊन कचेरीत निघून गेलो.

संध्याकाळी येऊन बघतो तर गिटारच्या पोटात विहीर. सहा मिलिमीटर पाहिजे होती ती खाच एकोणीस मिलिमीटर खोल होती. काम मात्र देखणं होतं. कडा अशा साफ की बोट फिरवत राहावं.

"अरे, हे काय केलंस?"

"सहा सूत," सुतार म्हणाला. "तुम्हीच लिहिलंय."

"मी मिलिमीटर लिहिलंय."

त्याने कागद उलगडून माझ्यापुढे धरला. लांबीपुढे मिमी होतं. रुंदीपुढे मिमी होतं. शेवटी 'खोली ६' एवढंच होतं, पुढे काही नाही.

"नुसता सहा असला म्हणजे सूतच की साहेब," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "लाकडात दुसरं काय असणार?"

मापापुढे एकक न लिहिणं हा आमच्याकडे गुन्हा आहे. पिशवीवर नुसतं 'पाचशे' छापणाऱ्या एका गरीब माणसाला मी एकदा अर्धा तास उभं करून विचारलं होतं, पाचशे काय? पाचशे हत्ती? तो माणूस माझ्या डोळ्यांपुढे आला. मी सुताराला म्हणालो, "चूक माझी आहे." पंधरा वर्षांत त्याने माझ्या तोंडून हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं. त्याला इतका संकोच वाटला की तो म्हणाला, लाकडाचा तुकडा चिकटवून खाच भरून देतो, पण सरस वाळायला वेळ द्यावा लागेल, आणि उद्यापासून तो दुसऱ्या गावी कामाला जाणार होता. यायचा थेट दहा-अकरा दिवसांनी, सोमवारी. कार्यक्रम शनिवारी.

दंतवैद्य आपला दात बघायचा आरसा घेऊन आला, त्याने खाचेत चारी बाजूंनी बघितलं आणि "जबडा शाबूत आहे" असा निर्वाळा दिला. खोली जास्त आहे तर असू दे, ब्रिज तरंगणारच आहे ना, असं म्हणून मी तारा चढवायला घेतल्या. ह्या ब्रिजमध्ये तारेच्या टोकाचा गोळा कापून टाकावा लागतो, तरच ती चिमटीत बसते. मी पहिल्या तारेचं नेमकं दुसरं टोक कापलं. त्याबद्दल अधिक काही सांगण्यासारखं नाही.

मग सुरू झाली तोलामोलाची परीक्षा. पहिली तार सुरात आणली. दुसरी आणली, तर तिच्या ओढीने ब्रिज जरा पुढे झुकला आणि पहिली उतरली. पहिली परत चढवली तर दुसरी उतरली. सहावी सुरात येईपर्यंत पहिलीचा पत्ता नसे. मागच्या स्प्रिंगा आवळल्या तर ब्रिज खाचेत बुडायचा, आणि खाच एवढी खोल की बुडाला की शेपटीकडून थेट तळालाच जायचा. सैल केल्या तर नाक मुरडून उभा राहायचा. धार, तोल, शून्य, ज्या शब्दांवर मी पोट भरलं ते सगळे टेबलावर पडून माझ्याकडे बघत होते. तीन संध्याकाळी गेल्या. साहेबांच्या दाखल्यातलं 'तोलण्यास पूर्णपणे असमर्थ' हे वाक्य नक्की कुणाबद्दल होतं, असा मला संशय यायला लागला.

बुधवारी मुलीने परीक्षा घेतली. काटा वर-खाली हिंदकळत राहिला, थांबेचना. ती ह्या वेळी नापास म्हणाली नाही. ते जास्त वाईट होतं. ती म्हणाली, "बाबा, जाऊ दे. आम्ही शेवट बदलतो. तू नुसता साथीला उभा राहा."

"नुसता" हा शब्द मी रात्रीच्या जेवणाबरोबर गिळला. बायकोने माझ्याकडे बघितलं आणि न मागता ताटात आणखी एक पोळी वाढली.

गुरुवारी मला उपाय सुचला. ब्रिजला तरंगू द्यायचंच नाही. स्प्रिंगा चांगल्या आवळायच्या आणि ब्रिजच्या शेपटीखाली खाचेत काहीतरी टेकू द्यायचा. दांडी दाबली की ब्रिज टेकूवरून उठेल, सोडली की परत टेकूवर येऊन बसेल. शून्य म्हणजे टेकू. मोजलं तर टेकूला सतरा मिलिमीटर उंची हवी होती. खोडरबर ठेवला, तो दबला. पत्त्यांचा जोड ठेवला, तो दर दाबाला नव्या जाडीचा व्हायचा. दंतवैद्याने प्लास्टरची एक दाढ दिली, ती पहिल्याच दाबाला फुटली. "खरी असती तर टिकली असती," तो म्हणाला.

शुक्रवारी मी दौऱ्यावरून थेट घरी आलो, त्यामुळे प्रमाण वजनांची पेटी माझ्याबरोबर होती. ही पेटी म्हणजे आमच्या खात्याचा देव्हारा. मखमलीच्या खळग्यांत पितळी सराफी वजनं, चपटी, गोल, एकावर एक बसणारी. उघड्या हाताने त्यांना शिवायचं नाही, मऊ चामड्याच्या तुकड्याने उचलायची. ह्यांच्याशी ताडूनच गावातली बाकी सगळी वजनं खरी की खोटी ते ठरतं. पेटी सोमवारी वार्षिक पडताळणीसाठी साहेबांपुढे जायची होती. मी ती फक्त पुसायला उघडली. खरंच फक्त पुसायला. पन्नास ग्रॅमवर वीस ग्रॅम ठेवलं, तर उगाच मापून बघितलं. सोळा मिलिमीटर. वर चामड्याचा तुकडा ठेवला. सतरा.

पुढची दहा मिनिटं मी पेटीभोवती आणि नियमांभोवती फेऱ्या मारत होतो. प्रमाण वजन अन्य कोणत्याही कामासाठी वापरू नये. हा नियम मी लिहिलेला नव्हता, एवढीच त्यातल्या त्यात जमेची बाजू. मग आतल्या खोलीतून मुलीच्या सामानाच्या खोक्यांना चिकटपट्टी लावल्याचा आवाज आला, करर्र, करर्र, एकामागून एक. मी सत्तर ग्रॅम उचलून गिटारमध्ये ठेवले.

शनिवारी सकाळी मुलीने यंत्र लावलं. मी स्वर तळाला नेला आणि सोडला. काटा आला आणि मध्यावर गप्प उभा राहिला. तिने पुन्हा करायला लावलं. पुन्हा शून्य. तिसऱ्यांदा शून्य. तिने यंत्र उलटसुलट करून बघितलं, बंद करून चालू केलं. मलाही दुकानदार असंच करायला लावायचे, म्हणून मी तिला करू दिलं.

"काय केलंस?"

"टेकू दिला," मी म्हणालो. जास्त तपशिलात शिरलो नाही.

संध्याकाळी सभागृह भरलं. माझ्यामतेकाका, दंतवैद्य, बायको, आणि पहिल्या रांगेत अगदी मधे चष्मा पुसत बसलेले साहेब. त्यांना बघून मी ब्रिजवर तळहात ठेवला. पण मागून मुलीने काठ्या आपटून चार मोजले आणि मग घाबरायला वेळ मिळाला नाही. चार मिनिटांत मी तीनदा चुकलो आणि तीनही वेळा तिने ठोका जरा लांबवून मला आत घेतलं. शेवटचा स्वर मी तिसऱ्या तारेवर लावला, दांडी दाबली, स्वर तळाला गेला, आणि मी त्याला हळूहळू वर आणायला लागलो तेवढ्यात फटकन पहिली तार तुटून माझ्या हनुवटीवर बसली.

माझ्यामतेकाका जागेवरून अर्धे उठले. एक गेला की सगळे गेले, हे पाचव्या रांगेतल्या त्यांच्या चेहऱ्यावर मला मंचावरून वाचता आलं. माझा हात थांबला नाही, कारण थांबवायचं सुचलं नाही. दांडी वर आली, ब्रिज टेकूवर बसला, आणि कलंडायला मागे जागाच नव्हती. पन्नास आणि वीस ग्रॅम खाली ठाम बसले होते. स्वर जिथून निघाला होता तिथे येऊन उभा राहिला. मुलीने शेवटचा ठोका दिला. मी वळून बघितलं तर ती काठ्या वर धरून माझ्याकडे बघून हसत होती. लहानपणी सायकल शिकताना, मी मागून हात सोडल्याचं कळल्यावर ती अशी हसली होती. मी गळ्यातला पट्टा सारखा करण्याचं निमित्त करून खाली मान घातली.

टाळ्या ओसरल्यावर साहेब मंचामागे आले. "छान," ते म्हणाले. "तार तुटूनही तोल गेला नाही. जरा बघू." दंतवैद्य मदतीला नेहमीच तत्पर, त्याने खिशातून दात बघायचा आरसा काढून दिला. साहेबांनी तो ब्रिजखाली घातला, बराच वेळ बघितलं, आरसा परत केला, आणि चष्मा पुसला.

"त्या वजनावर माझी मोहर आहे," ते म्हणाले. "सोमवारी पेटी आणा."

रविवार कसा गेला ते मी आणि घरातलं छत आम्हा दोघांनाच माहीत. सोमवारी साहेबांनी सगळी वजनं एकेक करून काचेच्या पेटीतल्या तराजूवर घातली. वीस ग्रॅम पास झालं. पन्नास ग्रॅमच्या कडेला ब्रिजने एक बारीक रेघ ओढली होती आणि वजन मर्यादेपेक्षा जरासं कमी भरलं. साहेबांनी त्यावर रद्दचा ठसा ठोकला. नोंदवहीत 'झिजण्याचे कारण' असा रकाना असतो. तिथे त्यांचं पेन थांबलं. त्यांनी लिहिलं, 'परत जागेवर येताना.' मग मला देण्यासाठी एक लिफाफा पुढे केला. त्यात एक लेखी ताकीद होती, चांगली कडक, आणि तिच्याखाली ते रद्द वजन.

"रद्द वजन काट्यावर वापरायचं नाही," साहेब म्हणाले. "इतरत्र काय करावं ह्याबद्दल नियम सापडला नाही. मी शोधला."

त्याच संध्याकाळी सुतार परत आला. सगळी हकीकत त्याने ऐकली, आणि दुसऱ्या दिवशी पेटीत परत गेलेल्या वीस ग्रॅमच्या जागी बसेल अशी शिसवी लाकडाची एक गोल चकती घेऊन आला. बरोबर कागदावर स्वतःच्या हाताने लिहिलेलं होतं, 'जाडी ६ मिलिमीटर'. मिलिमीटर हा शब्द त्याने अख्खा लिहिला होता आणि खाली दोनदा रेघ मारली होती. मी कॅलिपर लावला. चकती सहा मिलिमीटर होती, एका केसाचाही फरक नव्हता.

मुलगी त्याच आठवड्याच्या रविवारी निघाली. खोकी खाली गेली होती, टॅक्सी दारात होती. ती परत वर आली, माझी गिटार उलटी करून मांडीवर घेतली आणि पाठीमागच्या झाकणावर एक कागदाची चिठ्ठी चिकटवून तिच्यावर पेनाने काहीतरी लिहिलं. मी चष्मा लावून वाचलं. 'तपासले. पास. फेरतपासणी निरीक्षकाने समक्ष येऊन करावी. मुदत ३.' खाली तिची सही.

मला बरंच काही बोलायचं होतं. पण माणसाची जीभ ऐन वेळी सरकारी होते. मी म्हणालो, "ह्यात चूक आहे. मुदत तीन काय? एकक लिहिलेलं नाही. तीन महिने, तीन वर्षं, काही कळत नाही. हा गुन्हा आहे."

"मग तूच भर," मुलगी म्हणाली आणि पेन माझ्यापुढे धरलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, झाकणाकडे बघत होती.

मी पेन हातात घेऊन विचार करत उभा राहिलो. निरीक्षकाची सोय, नव्या नोकरीतली रजा, गाडीचे तास, सगळं धरून वाजवी मुदत काय असावी ते काही ठरेना. तेवढ्यात दारात डबा घेऊन उभ्या असलेल्या बायकोने पुढे येऊन माझ्या हातातलं पेन काढून घेतलं, तीनच्या पुढे 'आठवडे' लिहिलं, आणि टॅक्सीवाला हॉर्न वाजवतोय म्हणून सांगितलं.